नोंदवहीतला प्रवासी आणि निनावी देणगीदार

पहाडगंजच्या मेन बाजारात काही शे रुपयांची खोली घ्यायची असली, तरी प्रवाशाला नोंदवहीत नाव-पत्ता लिहावा लागतो, ओळखपत्राची प्रत द्यावी लागते. पाहुणा परदेशी असेल, तर त्याची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवण्याचे बंधन हॉटेलचालकावर असते. बाहेर पदपथावर माल मांडणाऱ्यालाही २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्री प्रमाणपत्र आणि ओळखपत्र लागते. याच पहाडगंजमधून कॅनॉट प्लेस ओलांडून संसद मार्गावर गेले, की स्टेट बँकेची मुख्य शाखा लागते. मार्च २०१८मध्ये देशातील ज्या चार शाखांतून निवडणूक रोख्यांची विक्री सुरू झाली, त्यांपैकी ही एक. तेथे एक कोटीचा रोखा घेणाऱ्याचे नाव बँकेपाशी असे. मतदाराला मात्र ते कळण्याची कोणतीही सोय नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरवली. तोवर तीस टप्प्यांत सोळा हजार कोटींहून अधिक रकमेचे रोखे विकले गेले होते आणि त्यांतील नऊ दशांशांहून अधिक रक्कम एक कोटीच्या रोख्यांची होती. सामान्य नागरिकासाठी एक हजाराचा रोखाही उपलब्ध होता. पण हा व्यवहार कोणासाठी होता, हे या एका प्रमाणावरून स्पष्ट व्हावे. निकालामुळे नावे उघड झाली. तथापि, पैशाचे राजकारणातील वजन त्याने घटले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

या प्रश्नाचे मूळ पहाडगंजच्या शेजारच्या सदर बाजाराचे नाव धारण करणाऱ्या मतदारसंघात सापडते. १९७१ची लोकसभा निवडणूक दिल्ली सदरमधून काँग्रेसचे अमरनाथ चावला यांनी जिंकली. पराभूत उमेदवार कंवरलाल गुप्ता यांनी खर्चमर्यादेच्या उल्लंघनावरून तिला आव्हान दिले. ३ ऑक्टोबर १९७४ रोजी न्या. पी. एन. भगवती यांच्या निकालाने ती निवड रद्द झाली. उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही उमेदवाराचाच समजावा, असे त्यात म्हटले होते. सामान्य माणसाला मिळणारी संधी हे भारतीय लोकशाहीचे सार आहे आणि निवडणुकीपूर्वीची देणगी निवडणुकीनंतरचे वचन होऊन बसते, असा इशाराही त्यात होता. त्याच महिन्यात सरकारने अध्यादेश काढला. पुढे कायदाही झाला आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७मध्ये स्पष्टीकरण जोडून पक्षाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबातून वगळण्यात आला.

त्या पळवाटेचे आज राजमार्गात रूपांतर झाले आहे. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे. पक्षाला कोणतीही नाही. म्हणजे दाराला कुलूप आणि भिंतीला भगदाड. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासानुसार २०२२-२३मध्ये देशातील वरच्या एक टक्क्याकडे सुमारे ४० टक्के संपत्ती होती, तर खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे साडेसहा टक्क्यांहूनही कमी. संपत्ती अशी एकवटलेली असताना अमर्याद खर्चाची मुभा सर्वांना समान आहे, असे म्हणणे हा शब्दच्छल होय. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या पाहणीनुसार २००९मध्ये ५८ टक्के खासदार कोट्यधीश होते. २०२४मध्ये हे प्रमाण ९३ टक्के झाले. मत प्रत्येकाला एकच असते. पण मतपत्रिकेवर कोणाचे नाव यावे, हे त्याआधीच ठरून जाते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. देणगीदाराचे नाव उघड झाल्यास सत्ताधारी सूड उगवतील, हा पहिला. ही भीती निराधार नाही. परंतु रोखे विकणारी बँकच सरकारी असताना गुप्तता नेमकी कोणापासून राखली जात होती? मर्यादा घातली तर पैसा रोखीत जाईल, हा दुसरा. रोख पैसा आजही वाहतोच आहे. म्हणून मर्यादेबरोबर पक्षांच्या हिशेबाची स्वतंत्र लेखापरीक्षा हवी.

न्यायालयाच्या निकालामुळे कंपन्यांच्या देणग्यांवरील, तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा पुन्हा लागू झाली. हे योग्यच, पण टक्केवारीच्या मर्यादेत ज्याचा नफा मोठा, त्याची देणगीही मोठी. त्यामुळे एका देणगीदारासाठी रकमेची कमाल मर्यादा, पक्षाच्या खर्चावर बंधन आणि मतदानापूर्वीच देणग्यांची माहिती जाहीर करण्याची सक्ती, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या पाहिजेत. निवडणूक खर्चाचा काही भार सरकारने उचलण्याची शिफारस इंद्रजित गुप्ता समितीने १९९८मध्येच केली होती. तिचाही पुनर्विचार व्हावा.

एका रात्रीच्या मुक्कामासाठी नागरिकाचे नाव-गाव विचारणाऱ्या व्यवस्थेने पाच वर्षांच्या सत्तेला पैसा पुरवणाऱ्यांनाही तेच विचारावे. दिल्ली सदरच्या निकालाने पन्नास वर्षांपूर्वी उघडलेला हिशेब संसदेने मिटवून टाकला होता. तो पुन्हा उघडण्याचे कामही संसदेचेच आहे.