हाऊबेराचे पाणी

दिवाळी अंकांचे संपादक मोठे धूर्त असतात. वर्षभर ते आपल्याला हवे तितके गंभीर लिहू देतात, आणि भाद्रपद सरला की पत्र धाडतात, "या खेपेस काही खुसखुशीत द्या." गेल्या दिवाळीला मी या सदरात अनारशावर लिहिले. त्यावर तीन वाचक भगिनींनी आपापली कृती पाठवून माझे अज्ञान दूर केले. यंदा मी असा विषय घेतला आहे की, त्याची कृती पाठवायला कोणतीही भगिनी सहसा धजणार नाही. यंदा मी जिनविषयी लिहिणार आहे.

"दिवाळी अंकात?" सौ.ने विचारले. "अहो, फराळाच्या ताटाशेजारी ठेवतात लोक तो अंक!"

"म्हणूनच," मी म्हणालो. "चिवड्याशी तिचे बरे जमते."

तेव्हा प्रथम कबुलीजबाब. मी केजसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. सकाळी मुकुंदराज आणि दासोपंत शिकवतो. ते दोघेही आमच्या शेजारच्या अंबाजोगाईचे, त्यामुळे जरा अधिक अभिमानाने शिकवतो. आणि उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवारी, दिवस मावळल्यावर, अंगणात खुर्ची टाकून एक पेला जिन घेतो. एकच. दुसऱ्याची इच्छा होत नाही असे नाही. पण बाटली पुण्याहून भाचा आणतो आणि तो वर्षातून दोनदाच येतो. गावात दुकाने नाहीत असे नव्हे. पण तिथे रांगेत उभे राहावे आणि पुढचा गृहस्थ मागे वळून "सर, नमस्कार!" म्हणावा, हा प्रसंग कल्पनेतसुद्धा सोसत नाही. बाकी मी कायद्याने चालणारा माणूस आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा नाव बदलून महाराष्ट्रात अजून जिवंत आहे, आणि त्याला लागणारा परवाना माझ्या कपाटात पदवीच्या प्रमाणपत्राखाली ठेवलेला आहे.

मराठीच्या माणसाला कोणत्याही वस्तूची चव आधी शब्दातून लागते. जिन हा शब्द डच लोकांच्या 'येनेव्हर'वरून इंग्रजांनी कापून घेतला. त्याच्या मुळाशी आहे जुनिपर नावाचे एक काटेरी झुडूप आणि त्याची निळसर काळी फळे. ही फळे आपल्याला परकी नाहीत. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत तिला हपुषा म्हणतात आणि काष्ठौषधींच्या दुकानात हाऊबेर. धान्याचा किंवा उसाच्या मळीचा स्वच्छ मद्यार्क घ्यायचा, त्यात हाऊबेर आणि काही मसाले घालायचे आणि पुन्हा ऊर्ध्वपातन करायचे, की झाली जिन. मसाल्यांत हाऊबेराच्या खालोखाल मान कोणाचा असेल? आपल्या धण्यांचा! मग लिंबासंत्र्याच्या साली, वेलदोडा, दालचिनी, ज्येष्ठमध. भाच्याने आणलेल्या पहिल्या बाटलीचे बूच उघडले तेव्हा सौ.ने लांबूनच नाक पुढे केले आणि ती म्हणाली, "इश्श! याला तर मसाल्याच्या डब्याचा वास येतोय." इतके अचूक रसग्रहण मी एम.ए.च्या वर्गातही ऐकलेले नाही.

आता आवडीनिवडी. निळ्या काचेची 'बॉम्बे सफायर' बहुतेकांना ठाऊक असते. नाव मुंबईचे, बाटलीवर चित्र राणी व्हिक्टोरियाचे, आणि माल मात्र विलायतेत गाळलेला. १९८७ च्या सुमारास ती बाजारात आली. तिच्यात हाऊबेर धरून दहा जिन्नस असतात, आणि त्यांत धण्यांशेजारी बदाम आणि कंकोळही आहे. ती सौम्य आहे, सुगंधी आहे. पाहुण्यांसमोर ठेवायला उत्तम. पण माझे मन रमते ते गोव्याच्या जिनमध्ये. २०१७ साली गोव्यात 'ग्रेटर दॅन' नावाची जिन निघाली. तिच्यात आले, बडीशेप आणि गवती चहा आहे, आणि गवती चहा तर आमच्या मोरीच्या पाण्यावर परसात माजलेला असतो. त्याच मंडळींनी पुढे हिमालयातले हाऊबेर वापरून दुसरी काढली आणि तिचे नाव ठेवले 'हपुसा'. बाटलीवर ते नाव वाचून, संस्कृत शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला फोन करण्याचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला. हिच्यात हळद आणि आंबा आहे. मातीचा वास आहे. 'ग्रेटर दॅन' गप्पांची, 'हपुसा' एकट्याची, असे माझे वर्गीकरण आहे.

प्यायची कशी? पहिली आणि राजमान्य रीत टॉनिकची. सिंकोना झाडाच्या सालीतले क्विनाइन हे हिवतापावरचे औषध. ते इतके कडू की गोऱ्या साहेबांना ते साखर, सोडा आणि लिंबाच्या मदतीने गिळावे लागे. १८५८ साली लंडनमध्ये टॉनिकपाण्याचे पेटंट निघाले, आणि हिंदुस्थानातल्या साहेबाने औषधात जिन घातली की जिनमध्ये औषध, हा वाद अजून मिटायचा आहे. डासच हिवतापाचा वाहक आहे याचा पुरावा रोनाल्ड रॉसला १८९७ साली सापडला तो सिकंदराबादेत, म्हणजे आमच्याच निजामाच्या मुलखात. आजच्या टॉनिकात क्विनाइन चवीपुरतेच असते. त्याच्या भरवशावर कोणी मच्छरदाणी सोडू नये. उंच पेला बर्फाने गच्च भरावा, एक भाग जिन, तीन भाग टॉनिक, पेल्याच्या कडेने हळूच ओतावे आणि लिंबाची फोड पिळून आत टाकावी. बर्फात कंजुषी केली की तो लवकर वितळतो आणि पेय पाणचट होते. अडचण एकच. मी एकदा गावात टॉनिक मागितले तेव्हा दुकानदाराने माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले आणि लोहाची बाटली पुढे केली. "जेवणानंतर दोन चमचे," असेही बजावले.

म्हणून दुसरी रीत, आमची देशी: गोटी सोडा. लिंबू, चिमूटभर काळे मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, त्यावर जिन, आणि मग गोटी दाबून फसफसता सोडा. तिसरी रीत कैरीच्या पन्ह्याची. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ बेताचा, वेलदोडा थोडा. केशर नको, ते जिनला दाबते. चौथी कोकमाची. भाचेसून रत्नागिरीची, तिने आगळाची बाटली आणली. दोन चमचे आगळ, किंचित साखर, थंड पाणी आणि जिन. रंग असा की पेला नुसता पाहत बसावा. पाचवी गवती चहाची. पाती आल्याबरोबर उकळून, गाळून, माठाशेजारी थंड करावी आणि मग त्यात जिन घालावी. सहावी रीत ताकाची. ती मी एकदाच केली. तिच्याविषयी एवढेच सांगतो की परसातल्या गवती चहालाही ती मानवली नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मास्तर रंगात आले आहेत. आलो होतो खरा. पण लिहिता लिहिता एक संध्याकाळ आठवली आणि ती गाळून पुढे जाता येईना.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा होऊन गेला होता, पण ऊन उतरले नव्हते. मी अंगणात बसलो होतो. पेल्यात गोटी सोडा, लिंबाची फोड. फाटक वाजले. माझा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होता. हुशार, अबोल, पहिल्या बाकावर बसणारा. त्याने चपला फाटकाशी काढल्या, जवळ आला, पेल्याकडे पाहिले आणि म्हणाला, "सरबत घ्यायलाव का, सर?"

मी म्हणालो, "हो."

इतक्या वर्षांत वर्गात मी किती बोललो असेन. पण त्या एका अक्षराइतके हलके कधी बोललो नाही.

तो रजा मागायला आला होता. "पाडव्याच्या दुसऱ्या दिशी निघायलोत, सर. कारखान्यावर." आमच्या जिल्ह्यात हे वाक्य नवे नाही. दिवाळीच्या सुमारास केज तालुक्यातली गावेच्या गावे बैलगाड्यांत आणि ट्रकांत बसून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मुकादम आधीच उचल देऊन बसलेला असतो आणि ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. त्या जोडीला म्हणतातच 'कोयता'. मी विचारले, "तुला का जावे लागते? आईवडील जातात ना?"

"वडील पडून हायेत. उचल घेतली, निम्मी पिण्यात गेली. आता कोयता अर्धा झालाय, सर. आईसंगं मी जायलोय."

मी काहीतरी समजुतीचे बोललो. तो उठला, नमस्कार करून गेला. पेल्यातला बर्फ विरघळून गेला होता. मी तो पेला तुळशीपासून दूर, भिंतीकडेला ओतला.

त्या रात्री मला आजोबा आठवले. १९४७-४८ साली ते विशीत होते आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसच्या चळवळीत शिंदीची झाडे तोडायला जात. निजामाच्या खजिन्यात शिंदीचा पैसा मोठा. झाड पाडले की खजिन्याला भोक पडे. आजोबा म्हणत, "झाडाचा काय गुन्हा रे? त्याच झाडाची सकाळी नीरा, दुपारी शिंदी. पण माणूस ज्याच्याकडं हात पसरतो त्याच्याच खिशात आपली मजुरी टाकून येतो, हे बघवत नव्हतं." निजाम गेला, १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, दारूबंदी आली आणि हळूहळू विरली. आबकारीचे नाव उत्पादन शुल्क झाले आणि सरकारी तिजोरीला ते आजही गोड लागते. ऊस तोडायचा आमच्या लोकांनी, उसाची मळी व्हायची, मळीचा मद्यार्क, आणि त्यातला देशीच्या बाटलीत भरलेला भाग फडापाशी पुन्हा त्यांच्याच पुढ्यात यायचा. उरलेल्यात हाऊबेर आणि वेलदोडा घातला की त्याचे रसग्रहण करायला मी! लंडनमध्ये हॉगार्थ नावाच्या चित्रकाराने १७५१ साली 'जिन लेन' हे चित्र काढले. त्यात झिंगलेल्या आईच्या हातून तान्हे मूल निसटून पडते आहे. मी ते अनेकदा पाहिले होते. त्या रात्री प्रथमच बाईऐवजी मूल पाहिले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला ग्रंथालयात गाठले आणि सांगितले, "काल ते सरबत नव्हते. मी तुझ्याशी खोटे बोललो."

तो खाली पाहत हसला. "कळलं होतं, सर. आमच्या घरी तो वास कुणाला शिकवावा लागत नाही." मग थांबून म्हणाला, "पण तुम्ही सांगितलंत. वडील अजून सरबतच म्हणतात."

त्याचे जाणे मला थांबवता आले नाही. त्याची उचल फेडण्याइतकी मिळकत मराठीच्या प्राध्यापकाची नसते, आणि फेडली असती तरी पुढच्या वर्षी पुन्हा उचल होतीच. आम्ही तिघा-चौघांनी टिपणे फोनवर पाठवायचे ठरवले. रात्री फडावरून परतल्यावर, पालात बसून तो ती वाचत असे. कधी कधी मध्यरात्री शंका येई: "सर, 'विवेकसिंधु' शके १११० चाच ना?" मार्चात परतला तेव्हा हातांना घट्टे होते. परीक्षा दिली आणि दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाला. मला पहिल्या वर्गाची आशा होती, त्याला नव्हती.

वाचक विचारतील, मग तुम्ही सोडलीत का? नाही. सोडली असे लिहिले असते तर लेखाचा शेवट छान झाला असता. पण एकदा सरबत म्हणून झाले आहे, आता पुन्हा नको. अजूनही शनिवारी एक पेला असतो. फरक इतकाच की कोणी विचारले तर तिचे नाव सांगतो. आणि वर दिलेल्या रीती मी सगळ्याच जिनवाचून करून पाहिल्या. गोटी सोडा, जिरे, काळे मीठ, पन्हे, आगळ, गवती चहा. एकाही पेयाचे काही बिघडले नाही. उलट पन्हे अधिक बरे लागले, हे मान्य करायला मला तीन उन्हाळे लागले.

गेल्या महिन्यात तो आला होता. आता शेजारच्या तालुक्यात एका खाजगी शाळेत शिकवतो. पगार थोडा, पण आई या हंगामाला जाणार नाही. सौ.ने दोन पेले आणले. लिंबू, जिरे, काळे मीठ, आणि मी स्वतः गोटी दाबली.

त्याने पेला हातात घेतला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "हे काय हाय, सर?"

"सरबत," मी म्हणालो.

या वेळी ते खरे होते.