मोजून काय मिळतं?

"घारी-गरुड मोजून काय मिळतं रे?" असं विचारणारी मंडळी स्वतः ब्लॉगवरच्या हिट्स मोजत बसतात, ते सोडा.

पेनसिल्व्हेनियातला हॉक माउंटन घ्या. शरदात दक्षिणेकडे निघालेले शिकारी पक्षी लोक तिथे मजेखातर गोळ्या घालून पाडायचे. १९३४ साली रोझली एज या बाईंनी तो डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला आणि मॉरिस ब्रून यांना राखणीला बसवलं. राखता राखता गडी पक्षी मोजायला लागला! पुढे त्याच नोंदींतून दिसलं, की बाल्ड ईगल येताहेत खरे, पण त्यात तरुण पक्ष्यांचं प्रमाण घटतंय. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये डीडीटीविरुद्ध हे आकडे वापरले. १९७२ मध्ये अमेरिकेत शेतीतल्या डीडीटीवर बंदी आली.

नुसत्या फोटोंवरून कळलं असतं हे?

आपल्याकडे लोणावळ्याला अमूर ससाणे येतात, तेव्हा तोफेएवढ्या लेन्स घेऊन लोक हजर. किती दिसले विचारा. उत्तर: "खूऽऽप!" अहो, पुढच्या वर्षी निम्मे आले तरी तेही 'खूप'च वाटणार. बग शोधायला जुना लॉग लागतो, हे आम्हा आयटीवाल्यांना तरी वेगळं सांगायला नको.

तेव्हा ग्रुपमधल्या एकाने तरी कॅमेरा ठेवून वही घ्या. काहीच दिसलं नाही तर तारीख-वेळ टाकून शून्य लिहा.