पुरुषांचे स्वेदनगृह आणि वैद्याची रिकामी खुर्ची

अपत्यप्राप्तीसाठी येणाऱ्या दांपत्यांत पुरुषाची तपासणी करण्यास घरची मंडळी आजही सहजी तयार होत नाहीत. त्यामुळे गेल्या वर्षी छत्तीस वर्षांचे एक गृहस्थ स्वतःहून शुक्रतपासणीचा अहवाल घेऊन आले, तेव्हा मनोमन समाधान वाटले. शुक्राणूंची संख्या कमी होती. अन्य दोष आढळला नाही. अश्वगंधा, गोक्षुर, कपिकच्छू यांची योजना केली, आहारविहार सांगितला. चार महिन्यांनी पाहिले तर सुधारणा नाममात्र. तेव्हा कुठे मी त्यांचा दिनक्रम बारकाईने विचारला. नोकरीच्या निमित्ताने महिन्यातून दोनतीन वेळा त्यांचा मुक्काम रिसॉर्टमध्ये असे, आणि तेथे रोज सायंकाळी अर्धा तास जकूझीच्या ऊन पाण्यात व त्यानंतर वाफेच्या खोलीत बसण्याचा त्यांचा परिपाठ होता. मी नापसंती दर्शविताच ते म्हणाले, "डॉक्टर, स्वेदन चांगले असे तुम्हीच तर सांगता!"

प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावयास हवा होता. तो मी विचारला नाही, ही चूक माझी.

त्या दिवसापासून परिषदेला वा सहलीला गेलो की तेथील हॉटेलचा 'पुरुषांसाठी स्वतंत्र विभाग' आवर्जून पाहून येतो. गोव्याच्या किनाऱ्यावरील, घाटमाथ्यावरील आणि केरळातील असे काही विभाग पाहिले. हॉटेले आपापल्या माहितीपत्रकांत ज्या गोष्टींची तुलना मांडतात त्या सर्वत्र सारख्याच: सौना आहे काय, वाफेची खोली किती माणसांची, थंड पाण्याचा हौद आहे किंवा नाही, अंगरखे आणि टॉवेल कोणत्या प्रतीचे. या निकषांवर गोव्यातील मोठी रिसॉर्टे बहुधा पहिली येतात. आपले निकष लावले तर क्रम पुष्कळ बदलतो. मात्र ते निकष कोणते, हे हॉटेलवाल्यांना सांगण्याची तसदी आपणही कधी घेतलेली नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. अग्निस्वेदाच्या तेरा प्रकारांत जेन्ताक स्वेदाचे वर्णन सर्वांत विस्तृत आहे. जलाशयाच्या काठी बांधलेले सोळा हातांचे वर्तुळाकार गृह, त्याला पुष्कळ गवाक्षे, मध्यभागी सच्छिद्र भट्टी, भिंतीलगत बसण्यासाठी ओटा, भट्टीत खदिरासारखे काष्ठ. आजच्या सौनाची कल्पना असलेल्या कोणासही हे वर्णन परके वाटणार नाही. फरक आहे तो पुढील भागात. आत जाणाऱ्याला काय सांगावे हे तेथे जवळजवळ संभाषणाच्या रूपात दिले आहे. स्नेहन करून व वस्त्र पांघरून आत जावे, घाम फुटून अंग हलके होईपर्यंत ओटा सोडू नये, बाहेर आल्यावर डोळ्यांच्या रक्षणासाठी लगेच थंड पाण्याला स्पर्श करू नये, मुहूर्तभर थांबून, संताप व थकवा ओसरल्यावर सुखोष्ण जलाने स्नान करावे आणि मगच भोजन करावे. एक मुहूर्त म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे.

आता पुरुष विभागांत काय चालते ते पाहावे. ऐंशी-नव्वद अंश सेल्सिअस तापमानाच्या सौनामधून माणूस बाहेर पडतो आणि चार पावलांवर थंड पाण्याचा हौद त्याची वाट पाहत असतो. फिनलंडमधील लोक पिढ्यान्‌पिढ्या असे करीत आले आहेत हे मान्य. पण त्यांना ती सवय लहानपणापासूनची असते. आपल्याकडे रक्तदाबाची गोळी घेणारा, आदल्या रात्री मद्यपान केलेला, प्रवासाने शिणलेला पंचावन्न वर्षांचा मनुष्य मित्रांच्या आग्रहाखातर त्या हौदात उडी टाकतो. एकाएकी थंड पाण्यात शिरल्यास रक्तदाब उसळतो हे आधुनिक शरीरक्रियाशास्त्रही सांगते. शिवाय नित्य मद्यपान करणारे, मधुमेही, थकलेले, तहानलेले, भुकेलेले, हे सारे याच अध्यायात स्वेदनास अयोग्य म्हणून गणले आहेत. शनिवारच्या सायंकाळी रिसॉर्टमध्ये जमणारी पुरुषमंडळी ह्या यादीबाहेर कितीशी उरतील, हे वाचकांनीच ठरवावे.

पुरुष विभागाचा विचार करताना त्याच अध्यायातील आणखी एक आदेश मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वृषण, हृदय आणि नेत्र या तीन ठिकाणी स्वेदन मृदू करावे किंवा करूच नये असे तेथे सांगितले आहे. नेत्र वस्त्राने वा कमलपत्रांनी झाकावेत आणि हृदयावर शीत द्रव्यांचा स्पर्श ठेवावा हा तपशीलही पाठोपाठ येतो. आज आपल्याला ठाऊक आहे की वृषणांचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असते आणि शुक्रनिर्मितीला ते आवश्यक असते. सौना व ऊन पाण्याचे टब यांचा वारंवार वापर केल्याने शुक्राणूंची संख्या घटू शकते. वापर थांबविला की ती बहुधा पूर्ववत होते. परंतु शुक्रनिर्मितीचे एक आवर्तन सुमारे अडीच महिन्यांचे असल्याने 'पूर्ववत' होण्यासही तितका काळ लागतो. जकूझीत तर माणूस कमरेच्या वर चाळीस अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्यात बुडून बसतो. (हे यंत्र जकूझी कुटुंबाने घरातल्याच संधिवाताने पीडित मुलाच्या उपचारासाठी घडविले होते. ती चिकित्सा होती, हे आज कोणाच्या स्मरणात आहे?) निरोगी माणसाने वर्षातून दोनदा असे स्नान केले तर भिण्याचे कारण नाही. पण अपत्याची आस धरून दोन-दोन वर्षे औषध घेणाऱ्याला कोणीतरी हे वेळीच सांगावयास हवे, आणि रिसेप्शनवरचा मुलगा ते सांगणार नाही.

सांगावे कोणी, हा माझ्या तुलनेचा खरा निकष. केरळ पर्यटन विभागाने आयुर्वेद केंद्रांचे वर्गीकरण केले आणि ग्रीन लीफ व ऑलिव्ह लीफ या श्रेणी प्रचलित झाल्या, तेव्हा आपल्यातील काहींनी 'हे पर्यटकांचे कौतुक' म्हणून नाके मुरडली होती. त्या अटींत मान्यताप्राप्त पदवीधर वैद्याची देखरेख अनिवार्य होती, आणि पुरुषास पुरुष परिचारकानेच व स्त्रीस स्त्री परिचारिकेनेच अभ्यंग करावा असा दंडक होता. दुसरी अट वरवर साधी दिसते. पण 'स्पा' या शब्दाभोवती जे मळभ साचले आहे ते त्या एका वाक्याने निम्मे दूर होते. पालक्काड जिल्ह्यातील कोल्लेंगोडच्या जुन्या राजवाड्यात चालणाऱ्या कळरी कोविलकमसारख्या ठिकाणी मद्य व मांस वर्ज्य आहे आणि उपक्रम आठवड्यांच्या हिशेबाने आखले जातात. तेथे गेलेला मनुष्य पाहुणा कमी आणि रुग्ण अधिक असतो. टिहरीच्या राजघराण्याच्या नरेंद्रनगर येथील वास्तूच्या परिसरात २००० साली सुरू झालेल्या आनंदा या स्थानाने देशातील पंचतारांकित वर्गाला आयुर्वेद व योग यांची गोडी लावली, हेही नाकारता येत नाही.

याउलट मी पाहिलेल्या गोव्याच्या एका विभागात भिंतीवर वैद्यांचे नाव पितळी पाटीवर कोरलेले होते, टेबल होते, नाडीपरीक्षेसाठी लहानशी उशीही होती. खुर्ची रिकामी. "डॉक्टर मंगळवारी येतात," असे उत्तर मिळाले. मी गेलो तो दिवस मंगळवारच होता. हॉटेलला दोष देणे सोपे आहे, परंतु त्या पाटीवर नाव देणारा आपलाच कोणी व्यवसायबंधू आहे. महिन्याच्या ठरावीक मानधनावर पदवी भाड्याने द्यावी आणि स्वेदनाचा निर्णय परिचारकाच्या अंदाजावर सोडावा, ही गोष्ट आपल्या संघटनेच्या कोणत्याही ठरावात आजवर आलेली नाही.

औषधनिर्माते व विक्रेते बंधूंनीही यात आपला वाटा ओळखावा. हॉटेलला पाच लिटरच्या डब्यांतून तेल जाते आणि तेथे ते नक्षीदार काचेच्या सुरईत ओतले जाते. डब्यावरील घटकद्रव्ये, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, परवाना क्रमांक, 'केवळ बाह्योपचारार्थ' ही सूचना, १९४५ च्या नियमांनुसार छापलेले हे सारे डब्याबरोबर अडगळीत जाते. सुरईवर उरतो तो फक्त 'आयुर्वेदिक तेल' एवढाच शब्द. वैशाखात, किनाऱ्यावरील दमट उष्म्यात, पित्तप्रकृतीच्या पुरुषाला तीळतेलातील उष्णवीर्य सिद्ध तेलाने चोळून वर वाफ दिलेली मी पाहिली आहे. चंदनबलालाक्षादि तेल त्याच कपाटात, न उघडलेले होते. कोणते कोणासाठी, हे परिचारकाला सांगणारी वीतभर चिठ्ठीही तेथे नव्हती. एकदा कोमट केलेले तेल सायंकाळी पुन्हा तापविण्याची रीत तर इतकी रूढ आहे की त्याबद्दल विचारले असता परिचारकाला आश्चर्य वाटले.

माझी सूचना लहान आहे. संघटनेने एक पानी मराठी-इंग्रजी प्रश्नपत्रक तयार करावे: शेवटचे भोजन केव्हा, मद्य केव्हा घेतले, रक्तदाब व मधुमेहाची कोणती औषधे चालू आहेत, आणि पुरुषांसाठी खास, नजीकच्या वर्षात अपत्याची इच्छा आहे काय. ज्या सभासदांचे नाव हॉटेलच्या पाटीवर आहे त्यांनी हे पत्रक तेथे ठेवावे, भरलेली पत्रके आठवड्यातून एकदा स्वतः वाचावीत. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी पाटी उतरवावी. तेलाच्या प्रत्येक डब्यासोबत सुरईवर डकविण्याजोग्या चार चिकटपट्ट्या देणे विक्रेत्यांना फार खर्चाचे नाही.

त्या गृहस्थांनी जकूझी आणि वाफ सोडली. औषध तेच चालू ठेवले. साडेतीन महिन्यांनंतरच्या अहवालात संख्या वाढलेली होती. श्रेय कपिकच्छूचे की थंडाव्याचे हे एका रुग्णावरून सांगता येणार नाही आणि मी ते सांगतही नाही. प्रश्नपत्रकाचा कच्चा मसुदा लिहून ठेवला आहे. पुढील कार्यकारिणीच्या बैठकीस तो घेऊन येईन. हॉटेलांना तेल पुरविणाऱ्या सभासदांनी त्या दिवशी आपापल्या डब्यावरील एकेक लेबल सोबत आणावे.