कार्डावरचे दुसरे यंत्र

गेल्या काही महिन्यांत दोन-तीन कुटुंबांतील पालकांनी आम्हास एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. घरातील मुलगा खेळाच्या यंत्रात, ज्यास मुले कन्सोल म्हणतात, नखाएवढे एक मेमरी कार्ड घालतो आणि त्या कार्डावरून कंपनीची नव्हे, तर दुसऱ्याच कोणाची आज्ञावली चालवितो. विचारले असता तो सांगतो की, मूळ यंत्रास आपण धक्काही लावलेला नाही; कार्ड काढले की यंत्र जसेच्या तसे. हे खरे आहे काय, आणि खरे असल्यास त्यात गैर ते काय, असा हा प्रश्न. आम्हास तो क्षुल्लक वाटत नाही. पदरचे पैसे मोजून घेतलेली वस्तू कोठवर आपली, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

प्रथम यंत्राविषयी. निन्टेन्डो या जपानी कंपनीचे स्विच हे यंत्र मार्च २०१७ मध्ये बाजारात आले. त्याच्या आत ३२ गीगाबाइटांचे कोठार असून कंपनीची मूळ आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, त्यातच असते. कळ दाबताच सर्वप्रथम जागी होते ती मात्र या कोठारातील आज्ञावली नव्हे. एन्व्हिडिया कंपनीच्या टेग्रा एक्स-१ या चिपेत कारखान्यातच कायमची कोरलेली एक लहानशी आज्ञावली आधी उठते, पुढच्या आज्ञावलीवरील मोहोर तपासते आणि मगच तिला आत सोडते. ती पुढची आपल्या मागून येणारीची मोहोर पाहते. राजवाड्याच्या एकामागून एक असलेल्या देवड्यांप्रमाणेच ही व्यवस्था म्हणावयाची. पहिल्या देवडीवरचा पहारेकरी कोणालाही, अगदी खुद्द कंपनीलाही, बदलता येऊ नये यातच या व्यवस्थेचे बळ होते.

आणि घात झाला तोही तेथेच. एप्रिल २०१८ मध्ये केट टेम्किन या संशोधिकेने आणि फेल-ओव्हरफ्लो या मंडळाने याच पहाऱ्यातील एक दोष जगापुढे मांडला. टेम्किन यांनी तो उत्पादकांना आधीच कळविला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. यंत्र दुरुस्तीसाठी केबलीने जोडले असता बाहेरचा संगणक जितके माप सांगेल तितका मजकूर हा पहारेकरी मुकाट्याने एका लहान जागेत उतरवून घेई. जागा पुरते की नाही, हे तो पाहत नसे. पायलीचे धान्य शेराच्या मापात ओतले तर ते शेजारी सांडणारच! त्या शेजारच्या जागेत ‘काम आटोपल्यावर येथे परत जा’ असा पत्ता लिहिलेला असे. सांडलेला मजकूर नेमका त्या पत्त्यावर पडला की यंत्र परक्याने दाखविलेल्या वाटेने चालू लागे. मार्च २०१८ अखेरपर्यंत अशी पावणेदोन कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली होती. त्यांतील दोष दुरुस्त करणे कंपनीला शक्य नव्हते. पुढे तयार झालेल्या यंत्रांतच काय ती सुधारणा करता आली.

या वाटेने आत शिरणाऱ्या आज्ञावल्यांत ‘अ‍ॅटमॉस्फिअर’ ही विशेष प्रसिद्ध आहे. ती कोणासही विनामूल्य मिळते आणि तिची घडणही उघडी ठेवलेली आहे. तिच्या निरनिराळ्या भागांना वातावरणाच्या थरांची नावे देण्याची हौस तिच्या कर्त्यांना दिसते, असो. आमच्या प्रश्नाशी संबंध आहे तो २०१९ मध्ये तिच्यात आलेल्या एका सोयीचा. यंत्रातील संपूर्ण कोठाराची नक्कल कार्डावर उतरवावयाची, आणि यंत्राने कोठारातून काही मागितले अथवा कोठारात काही ठेवावयास दिले की ती मागणी परभारे कार्डाकडे वळवावयाची. अस्सल वही कपाटात कुलूपबंद, आणि कारकुनाच्या हाती तिची हुबेहूब नक्कल. तो खाडाखोड करील ती नकलेत. शिवाय पहारेकऱ्याला चकविणारी आज्ञावली यंत्रात कायम राहत नाही. यंत्र पुरते बंद केले की ती नाहीशी होते आणि पुढच्या वेळी पुन्हा केबलीने द्यावी लागते. तेव्हा मूळ यंत्रास धक्का लागलेला नाही, हे मुलाचे म्हणणे बव्हंशी खरे मानावे लागते.

बव्हंशी म्हणण्याचे कारण असे की, प्रत्येक यंत्राला कारखान्यातच स्वतःची गुप्त किल्ली आणि ओळखीचा दाखला मिळालेला असतो, आणि नकलेतही तोच दाखला उतरतो. कार्डावरील यंत्र कंपनीच्या दूरच्या संगणकांशी बोलू लागले म्हणजे ते आपले नाव तेच सांगते. तेथे काही निषिद्ध आढळले तर बंदी कार्डावर येत नाही, यंत्रावर येते. मग कार्ड काढून फेकले तरी उपयोग नाही. नक्कल वेगळी असली तरी नाव एकच आहे, हे या मुलांना सहसा कोणी सांगत नाही.

हा खटाटोप नवा आहे, असेही नाही. याच कंपनीच्या ‘वी’ या २००६ सालच्या यंत्राची कुलपे काही तरुणांनी चक्क एका चिमट्याने उघडली होती. चिमट्याची टोके पट्टीवरील दोन बिंदूंना टेकवून त्यांनी एरवी झाकलेली स्मृती वाचून काढली, आणि डिसेंबर २००७ मध्ये बर्लिन येथील परिषदेत ती हकीकत सांगितली. पुढे २००८ मध्ये ‘झेल्डा’ या खेळाचा जपून ठेवलेला डाव कार्डावरून यंत्रात घालण्याची युक्ती निघाली. त्या डावात घोड्याचे नाव मुद्दाम इतके लांबलचक लिहिलेले असे की, ते ठेवावयाच्या जागेत मावत नसे आणि शेजारी सांडे. दहा वर्षांनी स्विचमध्ये झाली ती चूक जातीने हीच! वीच्या मोहोरा तपासणाऱ्या आज्ञावलीतही एक मौज होती. दोन मोहोरांची तुलना करताना शून्य आढळले की ती तेथेच थांबे आणि मोहोर जुळली असे समजे. मग आरंभीच शून्य येईपर्यंत मजकुरात किरकोळ फेरफार करीत राहिले, सरासरीने २५६ वेळा, की खोटी मोहोर खरी ठरे.

एखादा सरळमार्गी माणूस या फंदात का पडेल, असे विचारणारास आम्ही दोन गोष्टी सांगू. स्विचवरील बहुतेक खेळांचे जपून ठेवलेले डाव मालकाला स्वतःच्या कार्डावर उतरविता येत नाहीत. कंपनीला वर्गणी भरली तरच त्यांची प्रत तिच्या कोठारात राहते, आणि तीही सर्व खेळांची नव्हे. यंत्र बिघडले म्हणजे मुलाचे दोन वर्षांचे खेळणे पाण्यात जाते. दुसरी गोष्ट दुकानांची. वीचे दूरस्थ दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले, आणि ३-डीएस व वी-यू या यंत्रांची दुकाने मार्च २०२३ मध्ये. केवळ तेथेच मिळणारे खेळ तेव्हापासून रोख पैसे देऊनही मिळत नाहीत. आपले डाव जपण्यासाठी, स्वतः लिहिलेली आज्ञावली चालविण्यासाठी किंवा यंत्राची रचना समजून घेण्यासाठी कोणी कार्डाचा आश्रय केला, तर त्यास चोर म्हणावयास आम्ही धजणार नाही.

परंतु याच दाराने दुसरी माणसेही आत आली. टीम झेक्यूटर नावाची टोळी स्विचच्या पहाऱ्याला चकविणारी साधने विकत असे, आणि लोक ती घेत ते मुख्यतः चोरून उतरविलेले खेळ चालविण्यासाठी. तिच्यापैकी गॅरी बाउझर याला फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने ४० महिन्यांची शिक्षा दिली. आपल्या देशापुरते पाहता, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम घातले गेले. संरक्षक कुलूप तोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड तेथे सांगितला आहे; मात्र ते तोडण्यामागे हक्काचा भंग करण्याचा उद्देश असला पाहिजे, अशी अट आहे. कायदेकारांनी हा एक शब्द घातला हे आम्हास फार उचित वाटते. कुलूप उघडणारा हात एकच. तो घरधन्याचा की भामट्याचा, हे उद्देशावरून ठरते.

म्हणून पालकांस आमचे सांगणे असे की, कार्ड पाहून मुलावर रागावू नये; कार्डावर काय आहे ते त्याच्यापाशी बसून पाहावे. पैसे देऊन घेतलेले खेळ, त्यांचे डाव, स्वतःचे प्रयोग एवढेच असेल तर त्याच्याकडून दोन गोष्टी शिकून घ्याव्यात. शेकडो फुकटचे खेळ असतील, तर त्या प्रत्येकामागे चित्रकार, गायक, आज्ञावलीकार अशा कितीकांची मजुरी बुडाली आहे, हे त्यास स्पष्ट सांगावे. सगळे विनामूल्य मिळते, आपण घेतले नाही तर दुसरा घेईल, या सबबी ऐकून घेऊ नयेत. ‘कंपनी श्रीमंत आहे’ हे उत्तर तर आम्हास मुळीच पटत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. जुनी यंत्रे ‘सर्व खेळ भरलेली’ म्हणून विकणारे दुकानदार असतात. येथे मुलाने केलेला प्रयोग नसतो. परक्याच्या मालाचा तो उघड व्यापार असतो. अशा यंत्रावर बंदी आलेली असली तर ते कंपनीच्या दुकानात पाऊल ठेवू शकत नाही, आणि नव्या मालकाने कितीही विनवण्या केल्या तरी सहसा ती उठत नाही. तेव्हा पैसे हातावर ठेवण्यापूर्वी कार्ड काढावयास सांगावे, यंत्र पुरते बंद करून पुन्हा चालू करावे, आणि विक्रेत्यासमक्ष ते कंपनीच्या दुकानाशी जोडून पाहावे.