४० पैशांचा हिशेब

४० पैसे कमीत कमी किती नाण्यांत देता येतील? ५, १०, २० आणि २५ पैशांची नाणी २०११ साली चलनातून गेली. पण ज्यांनी ती हाताळली, त्यांचाही हात प्रथम पावलीकडेच वळेल. मग दहा, मग पाच. एकूण तीन नाणी. वास्तविक वीस-वीसची दोनच पुरतात!

अमेरिकन गणिती रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ‘डायनॅमिक प्रोग्रॅमिंग’ ही पद्धत, नाव भारदस्त असले तरी, कारकुनी चिकाटीची आहे (हे आम्ही गौरवाने म्हणतो). पाचापासून चाळीसपर्यंत पाच-पाचच्या अंतराने आठ घरांची ओळ आखावी आणि प्रत्येक घरात त्या रकमेला लागणारी किमान नाणी लिहीत जावे. चाळिसाच्या घराशी आल्यावर एकेक नाणे वजा करून मागची ३५, ३०, २० व १५ ही घरे पाहावीत. त्यांत आकडे आहेत २, २, १, २. सर्वांत लहान आकड्यात एक मिळवला की उत्तर दोन.

ही ओळ विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने भरली पाहिजे. पाठ केलेला प्रोग्रॅम उतरवून गुण मिळतात, समज येत नाही. प्रश्नपत्रिकेत नाणी बदलून भरलेली ओळच मागावी. तपासनिसांचे काम त्याने वाढेल, हे मात्र खरे.