वैनगंगेच्या काठचं चामोर्शी

गडचिरोलीहून आष्टीकडे निघालेली एसटी चामोर्शीला थांबते, लोक चहा घेतात आणि पुढे जातात. बाहेरच्यांना हे गाव एवढंच ठाऊक, याचं मला वाईट वाटतं. वैनगंगेनं या तालुक्याला दिलं ते थोडंथोडकं नाही.

दक्षिणेकडे वाहत आलेली ही नदी तालुक्यातल्या मार्कंडा गावी वळसा घेऊन उत्तरवाहिनी होते. तिथल्या देवळांची पाहणी करून पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमनं 1870च्या दशकात त्यांची तुलना थेट खजुराहोशी केली. मुख्य देवळाच्या भिंतीला हात लावून चाला: देव, अप्सरा, हत्ती, एकेका ओळीत दाटीनं बसवलेले. वीज पडून शिखर मंडपावर कोसळल्याचंही त्यानंच नोंदवलं. आपल्या काळात दुरुस्तीला हात लागला खरा, पण काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. महाशिवरात्रीच्या जत्रेला पंचक्रोशी लोटते, नदीच्या पल्याडचा चंद्रपूर जिल्हाही लोटतो.

चामोर्शीच्या बाजारात मराठीच्या जोडीला गोंडी, तेलुगू, बंगाली कानावर पडते. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेली निर्वासित कुटुंबं या भागातल्या गावांत वसवली गेली. जंगल तोडून त्यांनी धानाची बांधी केली, तळ्यात मासे वाढवले. आज त्यांच्याशिवाय इथला मासळीबाजार भरणारच नाही. गाव परक्याला असं सामावून घेतं, हा मला चामोर्शीचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

नदी मात्र नुसती तीर्थ नाही, ती रोजगाराची वाटही आहे. धानकापणी संपली की काठच्या गावांतल्या बाया डोंग्यात बसून पल्याड मिरची तोडायला जातात. 23 जानेवारी 2024 रोजी गणपूरजवळ अशीच एक नाव उलटली आणि सहा बाया गेल्या. मजुरीसाठी निघालेल्या बाया होत्या त्या. चार दिवस बातम्या आल्या, मग सगळं शांत झालं. मिरचीचा हंगाम मात्र दरवर्षी येतो, आणि पुलावरून फिरून जायचं तर दिवसाची अर्धी मजुरी भाड्यातच जाते.

देवळाचे दगड पुन्हा जागेवर बसावेत, ही मागणी आम्ही करतोच. पण त्याआधी काठच्या प्रत्येक घाटावर धड नाव आणि तिच्यात बसणाऱ्या प्रत्येक बाईला जीवरक्षक जाकीट मिळायला हवं. तालुक्याच्या तिजोरीला एवढा खर्च जड नाही.