आजोबांच्या रेकॉर्ड आणि पाच हजारांचा सूटकेस प्लेअर: घेण्याआधी हे वाचा

मुलुंड पश्चिमेला सध्या दर दुसऱ्या गल्लीत एखादी इमारत हिरव्या-निळ्या पत्र्यांच्या कुंपणाआड गेलेली दिसते. रिडेव्हलपमेंट. घर रिकामं करायचं म्हटलं की माळा उपसावा लागतो आणि माळ्यावरून पितळी भांडी, गाद्या, जुन्या दिवाळी अंकांबरोबर आणखी एक गोष्ट खाली येते: पुठ्ठ्याच्या चौकोनी कव्हरांची थप्पी. रद्दीवाला ती कव्हरं पुठ्ठ्याच्या भावाने घेतो आणि आतल्या तबकड्यांचं काय करायचं ते त्यालाही माहीत नसतं. पाच रस्त्याजवळच्या एका सोसायटीत अशी थप्पी मी लिफ्टशेजारी पडलेली पाहिली. वरच्याच कव्हरवर 'शिवकल्याण राजा' होतं, १९७४ सालचं.

याच घरांमधली नातवंडं मला मेसेज करतात. "दादा, आजोबांच्या रेकॉर्ड सापडल्यात. हा घेऊ का?" आणि खाली लिंक असते. ती लिंक दहातल्या आठ वेळा एकाच प्रकारच्या वस्तूची असते. सूटकेससारखी पेटी, पेस्टल रंग, आतच स्पीकर, ब्लूटूथ, किंमत पाच-सात हजार. रीलमध्ये फार गोड दिसते. माझं उत्तर 'नको' असतं. का नको, आणि त्याऐवजी काय, हे एकदाच नीट लिहून काढतो.

आधी ही लाट खरी आहे का ते पाहू. अमेरिकेत २०२० साली विनाइल रेकॉर्डच्या विक्रीची रक्कम सीडीपेक्षा जास्त झाली. असं १९८६ नंतर पहिल्यांदाच घडलं. २०२२ मध्ये नगांच्या हिशेबातही विनाइल पुढे गेलं, सुमारे ४ कोटी १० लाख रेकॉर्ड आणि ३ कोटी ३० लाख सीडी. आपल्याकडे उलटं चित्र होतं. एचएमव्हीच्या कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात एके काळी देशभराच्या रेकॉर्ड छापल्या जायच्या, ते बंद झालं. मुंबईकरांचं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ च्या सुरुवातीला बंद झालं. आणि मग २०२४ मध्ये मुंबईतच 'समन्वी' या कंपनीने पुन्हा विनाइल छापायला सुरुवात केली. माहीमला 'द रिव्हॉल्व्हर क्लब'सारखं रेकॉर्डचं दुकान चालतं. म्हणजे मागणी आहे. पण नवी रेकॉर्ड दोन-अडीच हजारांच्या पुढे जाते, त्यामुळे आपल्यासारख्यांचा खरा खजिना म्हणजे घरचा माळा आणि चोर बाजार. तिथल्या रेकॉर्ड पुन्हा छापल्या जातीलच असं नाही. म्हणून त्या कशावर वाजवायच्या हा प्रश्न नुसत्या आवाजाचा उरत नाही. चुकीच्या सुईखाली गेलेली खाच परत भरून येत नाही.

खाचेत नेमकं काय घडतं ते समजून घेऊ. बारा इंची एलपीच्या एका बाजूला एकच सलग सर्पिल खाच असते. वीस मिनिटांच्या बाजूची खाच सरळ केली तर साधारण चारशे मीटर भरेल, म्हणजे मैदानातल्या धावपट्टीची एक अख्खी फेरी. गाणं त्या खाचेच्या दोन्ही भिंतींवर नागमोडी कोरलेलं असतं आणि सुईचं हिऱ्याचं टोक त्या भिंतींना घासत धावतं. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून दर सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या लेबलजवळ जेमतेम २१. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. म्हणून बाजूचं शेवटचं गाणं नेहमी थोडं चिरकतं, 'स' आणि 'श' फुटल्यासारखे येतात. प्लेअर चांगला की वाईट हे तपासायचं असेल तर पहिलं गाणं ऐकू नका. शेवटचं ऐका.

आता सूटकेसकडे. त्यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. ते स्वस्त पडतं, त्यातून सिग्नल जोरदार निघतो, त्यामुळे वेगळ्या सर्किटचा खर्च वाचतो. पण त्याची सुई ताठ असते आणि ती खाचेत टिकून राहावी म्हणून तिच्यावर पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त भार द्यावा लागतो. त्या मानाने ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी६०एक्सवर साधारण तीन ग्रॅम आणि वरच्या एटी-एलपी१२०एक्सवर दोन ग्रॅम भार असतो. पाच ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण हा भार केसापेक्षा बारीक टोकावर येतो. एकदा वाजवल्याने रेकॉर्ड संपते असं काही नाही. इंटरनेटवर तशी भीती जरा जास्तच घातली जाते. खरा धोका वेगळा आहे. या पेट्यांमधली सुई कधी झिजली ते कुणी बघत नाही, आणि झिजलेलं टोक म्हणजे छिन्नी. शिवाय स्पीकर त्याच पेटीत. आवाज वाढवला की पेटी थरथरते, ती थरथर सुईत जाते, सुईतून पुन्हा स्पीकरमध्ये. हलकी तबकडी, हलका आर्म, जरा ठेका जोरात आला की सुई उडी मारते. मग लोक काय करतात? आर्मवर एक रुपयाचं नाणं चिकटवतात. कृपया नको.

पर्याय काय? नव्या मालात माझ्या मते सुरुवात एलपी६०एक्स किंवा सोनीच्या पीएस-एलएक्स३१०बीटी या पातळीवर होते. पंधरा हजारांच्या आसपास, सेलनुसार वर-खाली. दोन्ही पूर्ण ऑटोमॅटिक आहेत. बटण दाबा, आर्म आपोआप जातो, बाजू संपली की परत येतो. आर्मचा भार कंपनीनेच ठरवून दिलेला, तुम्हाला जुळवायचं काही नाही. हौशी मंडळी यालाच नाक मुरडतात. पहिल्यांदा घेणाऱ्याला मात्र हेच सोयीचं, कारण चुकीचा जुळवलेला महागडा आर्म बरोबर जुळवलेल्या स्वस्त आर्मपेक्षा वाईट वाजतो. मागचं वजन आणि कार्ट्रिजचा कोन स्वतः जुळवायची हौस असेल तर एलपी१२०एक्ससारखा घ्या आणि सोबत भार मोजायचा छोटा डिजिटल काटा घ्या. काट्याची ताटली लोखंडी नसावी. कार्ट्रिजमध्ये चुंबक असतो, तो ताटलीला खेचतो आणि आकडा खोटा येतो.

यानंतर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "टर्नटेबल लावला, पण आवाज बारीक आणि पत्र्यासारखा का येतो?" याचं उत्तर बहुतेक वेळा मागच्या एका छोट्या स्विचमध्ये असतं, ज्यावर फोनो आणि लाइन असं लिहिलेलं असतं.

चुंबकी कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो, तीन ते पाच मिलिव्होल्ट. तुमच्या स्पीकरच्या ऑक्सला याच्या कितीतरी पट हवं असतं. त्यातून रेकॉर्ड कोरतानाच खर्ज मुद्दाम कमी आणि तार स्वर मुद्दाम जास्त केलेले असतात. खर्जाच्या लाटा मोठ्या. त्या जशाच्या तशा कोरल्या तर खाच रुंद होऊन बाजूला वीस मिनिटं मावणारच नाहीत. तार स्वर वाढवून कोरले की वाजवताना ते कमी करता येतात आणि त्यांच्याबरोबर खरखरही दबते. हे किती करायचं याचं प्रमाण १९५० च्या दशकात ठरलं, त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात. २० हर्ट्झच्या आसपास सुमारे २० डेसिबल कमी, २० हजार हर्ट्झला सुमारे २० डेसिबल जास्त. हे सगळं उलटं करून सिग्नल मूळ पदावर आणणारं सर्किट म्हणजे फोनो प्रीअँप. साध्या स्पीकरला जोडताना स्विच 'लाइन'वर हवा, म्हणजे आतला प्रीअँप काम करतो. काकांच्या जुन्या अँप्लिफायरवर 'फोनो' असं लिहिलेलं भोक असेल आणि त्यात जोडत असाल तर स्विच 'फोनो'वर. दोन्हीकडे प्रीअँप चालू राहिला तर आवाज फाटतो आणि बुजबुजतो, एकही नसेल तर पत्रा वाजतो. एवढ्या एका कारणासाठी लोक टर्नटेबल परत करतात!

जागेबद्दल. युट्यूबवरचे परदेशी व्हिडिओ सांगतात की चाललात तरी सुई उडते, म्हणून भिंतीवर फळी ठोका. त्यांच्याकडे लाकडी जमिनी असतात. आपल्याकडे आरसीसी स्लॅब आहे, पाय आपटलात तरी फारसं काही होत नाही. आपला प्रश्न टेबलाचा आहे. डुगडुगणारं कॉम्प्युटर टेबल, त्यावरच टर्नटेबल, त्यावरच दोन स्पीकर. खर्ज वाजला की टेबल गुणगुणतं आणि ते सुई ऐकते. स्पीकर वेगळ्या स्टुलांवर ठेवा, खर्च शून्य, फरक लगेच कळतो. प्लेअर पातळीत आहे का ते फोनमधल्या लेव्हल ॲपने बघा, कमी असेल तिकडे पायाखाली पुठ्ठ्याची घडी घाला. रुळांच्या अगदी जवळ राहत असाल आणि फास्ट लोकल गेली की भांडी वाजत असतील, तर टर्नटेबलखाली जाड कडप्पा आणि त्याखाली रबराचे तुकडे ठेवून बघा.

वेग तपासायलाही फोन पुरतो. फोनमधला जायरोस्कोप वापरून मिनिटाचे फेरे मोजणारी ॲप मिळतात. जुनी नको असलेली रेकॉर्ड प्लॅटरवर ठेवा, फोन बरोबर मधोमध ठेवा, आर्म लॉक असू द्या. वेग सहा टक्क्यांनी वाढला तर गाणं जवळजवळ अर्धा स्वर चढतं. एखाद टक्का चुकला तर फक्त तंबोरा लावून बसणाऱ्यांना कळेल. कागदावर छापायची पट्ट्यांची चकती वापरणार असाल तर ५० हर्ट्झची, १८० पट्ट्यांची घ्या. अमेरिकी साइटवरची २१६ पट्ट्यांची असते, ती ६० हर्ट्झच्या विजेसाठी आहे. आपल्याकडे ती कायम चुकीचा वेग दाखवेल.

माळ्यावरच्या रेकॉर्डचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र मुंबईचा पावसाळा. खाचेत पांढरट बुरशी बसलेली असते आणि ती तशीच वाजवली तर सुई ती भिंतीत रगडते. आधी धुवा. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचा एखादा थेंब, मऊ मायक्रोफायबर, खाचेच्या दिशेने गोल फिरवत. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसायचं. नळाचं पाणी वाळलं की क्षार मागे ठेवतं, ते टाळा. लेबल भिजू देऊ नका. सावलीत उभी वाळवा. उन्हात ठेवलीत तर दुपारपर्यंत पापड होईल. ठेवतानाही उभ्याच ठेवा, आतली कागदी-प्लास्टिक पाकिटं नवी घाला आणि शेल्फ बाहेरच्या ओलसर भिंतीला लागून नको.

आता थोडं अप्रिय. विनाइलचा आवाज सीडी किंवा चांगल्या स्ट्रीमिंगपेक्षा 'शास्त्रीयदृष्ट्या' श्रेष्ठ नाही. हळू आणि जोरदार आवाजातलं अंतर, खरखर, आतल्या खाचेतली फाट, प्रत्येक मोजमापात सीडी पुढे आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या रेकॉर्ड बनवताना मधे डिजिटल टप्पा होता असं उघड झालं. शुद्ध ॲनलॉग म्हणून त्या रेकॉर्ड डोक्यावर घेणाऱ्या जाणकारांना तोवर कानाने ते ओळखता आलं नव्हतं. म्हणून ब्लूटूथ असलेला टर्नटेबल घेतला तर पाप लागत नाही. फक्त आहे त्या पैशात वायर चांगली, कारण ब्लूटूथला पाठवण्यासाठी सिग्नल आधी डिजिटल करून दाबावा लागतो. मग रेकॉर्ड लावायचीच कशाला? माझं कारण साधं आहे: माळ्यावरच्या कितीतरी ईपी, जुनी भावगीतं, नाटकांतली पदं मला कुठल्याच ॲपवर सापडलेली नाहीत.

पैसे कसे वाटायचे तेवढं सांगतो. एकूण पंचवीस हजार असतील तर पंधरा टर्नटेबलला, आठ स्वतःची वीज घेणाऱ्या दोन स्पीकरना, उरलेले ब्रश, पाकिटं आणि सुईसाठी बाजूला. साध्या सुईचं आयुष्य ३०० ते ५०० तास. रोज एक एलपी लावलीत तर दीड-दोन वर्षांत नवी सुई. सेकंडहँड प्लेअर घेतलात तर सुई पहिल्याच दिवशी बदला, विकणारा काहीही म्हणो.

आणि थप्पीत जाड, जड, पडल्यावर काचेसारख्या फुटणाऱ्या तबकड्या निघाल्या तर थांबा. त्या लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड आहेत. त्यांची खाच रुंद असते, एलपीची सुई तिच्या तळाशी जाऊन खरवडते, वेगळी जाड सुई लागते. एलपी६०एक्सवर तर ७८ चा वेगच नाही. आणि त्यांना सॅनिटायझर किंवा स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते. १९६० च्या दशकात जगात इतरत्र ७८ संपत आल्या असताना भारतात बीटल्सची गाणीसुद्धा त्यांवर निघत होती, त्यामुळे आपल्या माळ्यांवर त्या अजून भरपूर आहेत. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे; सुरेश चांदवणकरांसारख्या लोकांनी तिच्यामार्फत अशाच तबकड्यांची नोंद आणि त्यांचा इतिहास लिहून ठेवलाय. लेबलचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, त्यावरचा क्रमांक नीट दिसू द्या, आणि कुंपणाचे पत्रे लागायच्या आत अशा संग्राहकांना दाखवा.